मशीन बिघडतं ते बंद असताना: ग्रास कटर आणि लॉन मोअरच्या इंधनाची निगा

पहिला पाऊस होऊन दोन-तीन आठवडे झाले की कोकणात बांधावरचं गवत गुडघ्याला लागतं, आणि नेमकं तेव्हाच गावोगावच्या गॅरेजांपुढे ग्रास कटरची रांग लागते. तक्रार बहुतेकांची एकच असते. "गेल्या वर्षी झकास चालत होतं. हात न लावता ठेवलं होतं. आता दोरी ओढून ओढून खांदा निखळला, तरी चालू होत नाही." बिघाडाचं कारण या तक्रारीतच सांगून झालेलं असतं. हात न लावता ठेवलं, म्हणूनच ते बिघडलं.

पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन कामाने सहसा थकत नाही. खांद्यावरचा ग्रास कटर असो, सोसायटीच्या हिरवळीवर ढकलायचा लॉन मोअर असो, पाठीवरचा पॉवर स्प्रेयर असो, त्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पडून राहिलेल्या पेट्रोलचा. आणि आपल्याकडे या मशीनचं वेळापत्रकच असं आहे की पेट्रोल पडून राहणारच. पावसाळ्यात काम, आंबा-काजूच्या बागांची पावसानंतरची बेणणी आटोपली की मशीन पडवीच्या कोपऱ्यात, आणि मग थेट पुढच्या जूनपर्यंत त्याची कुणी आठवण काढत नाही. मधल्या सहा-सात महिन्यांत आत काय घडतं हे एकदा समजलं, की निगा कशी राखायची ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

पडून राहिलेल्या पेट्रोलचं काय होतं

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून अनेक घटकांचं मिश्रण आहे. त्यातले हलके, चटकन पेट घेणारे घटक आधी उडून जातात. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीला चालू होतं ते याच घटकांच्या जोरावर. ते गेले की उरलेलं पेट्रोल जळतं, पण पेटायला कुरकुर करतं.

दुसरा बदल हवेमुळे होतो. हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पेट्रोलमध्ये हळूहळू चिकट राळ तयार होते. टाकीत ती फारशी जाणवत नाही. कार्बोरेटरमध्ये मात्र पेट्रोल थेंबभरच असतं, ते सुकतं आणि मागे पिवळट-तपकिरी लेप राहतो. मुख्य जेटचं छिद्र मिलिमीटरहूनही बारीक असतं. त्यावर हा लेप बसला की पेट्रोलची वाटच बुजते.

तिसरा बदल आहे इथेनॉलचा, आणि गेल्या काही वर्षांत तो सगळ्यात महत्त्वाचा झाला आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम २००३ साली सुरू झाला. २०२२ मध्ये हे प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचलं, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, आणि २०२५ पर्यंत ते देशभर रुळलं. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला या कार्यक्रमाचा लाभ आहे, आपल्याच कारखान्यांतलं इथेनॉल त्यात जातं. पण छोट्या इंजिनाच्या दृष्टीने इथेनॉलची एक खोड लक्षात ठेवायला हवी: ते हवेतला ओलावा शोषून घेतं. कोकण-गोव्याच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी म्हणजे त्याला आयतं आमंत्रणच.

ओलावा थोडा असेल तोवर पेट्रोल, इथेनॉल आणि पाणी एकत्र नांदतात. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी बसतात. टाकीतला फिल्टर वजनदार असतो आणि तोही तळाशीच पडलेला असतो. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या पाणचट थराचा. शिवाय हा थर पातळ धातूच्या भागांना खातो, आतून पांढरी भुकटी धरते, जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या फुगतात किंवा चिकट होतात.

टू-स्ट्रोक मशीन असेल तर धोका दुप्पट. त्यात इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधूनच. हे ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं, खालच्या पाणचट थरात जवळजवळ नसतंच. अशा थरावर इंजिन चाललं तर पिस्टन कोरडा घासतो आणि जाम होतो. मग खर्च कार्बोरेटरचा राहत नाही, सिलिंडर-पिस्टनचा होतो.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हे बघायचं असेल तर सोपी चाचणी आहे. खुणा असलेल्या १०० मिलीच्या काचेच्या नळकांड्यात १० मिली पाणी घ्या आणि १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओता. झाकण लावून हलक्या हाताने हलवा, झाकण थोडं उघडून वाफ जाऊ द्या आणि दहा मिनिटं थांबा. खालचा थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर पाण्याने इथेनॉल ओढून घेतलेलं असतं आणि तो थर पंचविशीच्या आसपास चढलेला दिसतो. हे उघड्यावर, विस्तवापासून दूर करा, आणि चाचणीचं पेट्रोल मशीनमध्ये घालू नका. पाणी घालून इथेनॉल काढून टाकायचं आणि उरलेलं पेट्रोल वापरायचं, असा एक उपाय सुचवला जातो, त्याच्या नादी लागू नका. इथेनॉल गेलं की पेट्रोलचा ऑक्टेन घसरतो, पाण्याचे अंश मागे राहतात, आणि घरात उघड्या पेट्रोलशी खेळ होतो तो वेगळाच.

आधी मशीन ओळखा

निगेच्या पद्धती दोन गोष्टींवर ठरतात: इंजिन कोणतं आणि कार्बोरेटर कोणता.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि टू-टी ऑइल एकत्र करून घालायचं असतं. फोर-स्ट्रोकमध्ये टाकीत निव्वळ पेट्रोल आणि इंजिन ऑइलची जागा वेगळी. बाजारात दोन्ही प्रकारचे ग्रास कटर मिळतात आणि लांबून सारखेच दिसतात. ऑइल भरायचं वेगळं झाकण आणि पातळी बघायची सोय असेल तर ते फोर-स्ट्रोक. टू-स्ट्रोकमध्ये चुकून कोरं पेट्रोल गेलं तर काही मिनिटांत इंजिनाचं वाटोळं होतं. फोर-स्ट्रोकमध्ये मिश्रण गेलं तर धूर होतो आणि प्लग काळा पडतो. घरात दोन्ही मशीन असतील तर दोन कॅन ठेवा आणि त्यांवर ठळक अक्षरांत लिहा. मजूर बदलतात, त्यांना तोंडी सूचना पुरत नाहीत.

आता कार्बोरेटर. लॉन मोअर, पॉवर वीडर, पाण्याचा पंप यांसारख्या जमिनीवर सरळ उभ्या राहणाऱ्या मशीनमध्ये सहसा फ्लोटचा कार्बोरेटर असतो, मोटरसायकलीसारखा. त्याच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं राहतं. ग्रास कटर आणि चेन सॉ काम करताना कसेही तिरपे होतात, म्हणून त्यांत डायाफ्रामचा कार्बोरेटर असतो. त्यात वाटी नसते, पातळ लवचीक पडदे पेट्रोल ओढतात आणि मापात सोडतात. प्रायमरचा पारदर्शक फुगा दिसला की बहुधा हाच प्रकार समजावा.

मशीनसोबतची पुस्तिका एकदा तरी उघडा. बऱ्याच छोट्या इंजिनांच्या कंपन्या १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगत आल्या आहेत. आपलं मशीन ई-२० साठी बनलं आहे का, हे पुस्तिकेत किंवा विक्रेत्याकडे विचारून घ्या. जुनं मशीन असेल तर त्याच्या नळ्या, फुगा आणि पडदे ई-२० ला टिकणाऱ्या नव्या सुट्या भागांनी बदलून घेणं शहाणपणाचं. महागडं पेट्रोल भरलं की प्रश्न मिटला असंही समजू नका. नाव प्रीमियम असलं म्हणून त्यात इथेनॉल नसतं असं नाही.

आणताना, मिसळताना, ठेवताना

पेट्रोल थोडं आणा, ताजं वापरा. बाकी सगळे नियम याच्या खालचे. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच आणायचं आणि महिन्यापेक्षा जुनं झालेलं मशीनमध्ये घालायचं नाही. कॅनवर चिकटपट्टी लावून आणल्याची तारीख लिहा.

भांडं धातूचं, घट्ट झाकणाचं हवं. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल ठेवणं धोक्याचं आहे. पोरंटोरं फसतात, प्लास्टिक मऊ पडतं, वाफेने बाटली फुगते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल विनापरवाना ठेवायची मर्यादा सगळं मिळून ३० लिटर आहे. तेही घट्ट बुचाच्या भांड्यात, काचेच्या भांड्यात एक लिटरपर्यंत आणि धातूच्या भांड्यात २५ लिटरपर्यंत. ग्रास कटरसाठी दोन किंवा पाच लिटरचा कॅन भरपूर झाला. तो सावलीत, जमिनीवर, चुलीपासून आणि विजेच्या बोर्डापासून लांब ठेवा. कॅन जितका भरलेला तितकी आत हवा कमी आणि हवा कमी तर ओलावाही कमी. तळाशी चार बोटं पेट्रोल राहिलेला मोठा कॅन हा सगळ्यात वाईट साठा. भरलेल्या कॅनमध्येही वाफेला फुगायला थोडी जागा सोडायची असतेच.

टू-स्ट्रोकचं मिश्रण अंदाजाने करू नका. प्रमाण पुस्तिकेत आणि कधीकधी टाकीच्या झाकणावरही असतं. हिशेब असा:

- ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली ऑइल
- ४० ला १ असेल तर लिटरला २५ मिली
- २५ ला १ असेल तर लिटरला ४० मिली

ऑइल मोजायला औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण किंवा सुईविना सिरिंज चालते. "थोडं जास्त टाकलं तर इंजिनाला बरंच" हा समज घातक आहे. जादा ऑइलमुळे प्लग काजळतो, धुराड्यात कार्बन साचतो आणि त्याच पेट्रोलच्या मापात इंधन कमी जाऊन मिश्रण बिघडतं. कमी ऑइलचा परिणाम तर वर सांगितलाच. मिश्रण मशीनच्या टाकीत कधीच करू नका. आधी कॅनमध्ये निम्मं पेट्रोल, मग सगळं ऑइल, बुच लावून हलवायचं, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवायचं. दर वेळी टाकीत ओतण्यापूर्वीही कॅन हलवा. टू-टी ऑइलला मुद्दाम रंग दिलेला असतो, त्यामुळे मिश्रण आहे की कोरं पेट्रोल हे काचेत धरून बघता येतं.

टाकी भरताना इंजिन बंद आणि थंड, आजूबाजूला विडी-सिगारेट नाही, आणि झाकण उघडण्यापूर्वी भोवतालचं गवत-माती फडक्याने पुसलेली. ओतायला जाळीचं नरसाळं वापरा. कार्बोरेटरमधला निम्मा कचरा टाकीच्या तोंडातून गेलेला असतो. पावसात भरायची वेळ आलीच तर छत्री माणसाच्या डोक्यावर धरण्याआधी टाकीवर धरा.

हंगाम चालू असताना

रोज काम झाल्यावर मशीन पुसायचं आणि एअर फिल्टर बघायचा. एअर फिल्टर इंधनाच्या वाटेवर नसला तरी इंधनाचं प्रमाण तोच राखतो. तो तुंबला की हवा कमी, पेट्रोल जास्त, मग काळा धूर आणि जास्त खप. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवून पूर्ण सुकवावा. पुस्तिकेत सांगितलं असेल तर ऑइलचे दोन-चार थेंब चोळून, पिळून बसवावा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, झटकायचा आणि खराब झाला की बदलायचा. फिल्टरशिवाय मशीन पाच मिनिटंही चालवू नका.

टाकीतला इंधनाचा फिल्टर महिन्यातून एकदा बघा. वाकवलेल्या स्वच्छ तारेने नळी झाकणाच्या तोंडाकडे ओढली की फिल्टर बाहेर येतो. तो काळपट किंवा चिकट झाला असेल तर धुवत बसू नका, बदला. त्याची किंमत मेकॅनिकच्या एका फेरीपेक्षा कमी असते. नळी बोटांत दाबून बघा. कडक झाली, चिरली, टोकाशी सैल झाली, तर तीही बदला. बारीक चिरेतून पेट्रोल गळत नाही, पण हवा आत शिरते आणि इंजिन गचके खातं.

टाकीच्या झाकणात किंवा टाकीलगत हवेसाठी बारीक सोय असते. पेट्रोल जसजसं खाली जातं तसतशी तेवढी हवा आत यावी लागते. हे छिद्र मातीने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येणं थांबतं. हा बिघाड सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसवणारा आहे.

लॉन मोअरला पेट्रोलचा कॉक असेल तर काम संपल्यावर आणि वाहून नेताना तो बंद करायची सवय लावा. पातं साफ करायला मोअर कलता करायचा असेल तर आधी प्लगची टोपी काढा आणि कार्बोरेटर-एअर फिल्टरची बाजू वर राहील असाच कलता करा. उलट्या बाजूने कलवला तर ऑइल आणि पेट्रोल फिल्टरमध्ये उतरतं.

अडलं तर लक्षणं वाचा

गॅरेज गाठण्याआधी किंवा कार्बोरेटर खोलण्याआधी ही लक्षणं तपासून बघा.

- *दोरी बऱ्याच वेळा ओढली, इंजिन गप्प.* प्लग काढून बघा. टोक कोरडं असेल तर पेट्रोल पोहोचत नाही: टाकी, कॉक, फिल्टर, नळी, मग कार्बोरेटर असा माग काढा. टोक ओलंचिंब असेल तर पेट्रोल जास्त झालं. प्लग पुसून सुकवा, चोक उघडा, प्लगशिवाय दोरी हळूहळू चार-सहा वेळा ओढून आतलं पेट्रोल बाहेर जाऊ द्या, मग प्लग बसवा. या वेळी छिद्रासमोर चेहरा आणि ठिणगी दोन्ही नकोत.
- *चोक लावला तर चालतं, काढला की बंद पडतं.* पेट्रोल कमी मिळतंय. जेट अर्धवट बुजला आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे.
- *पाच-दहा मिनिटं छान चालतं, मग मरतं.* टाकीचं झाकण सैल करा. लगेच सुधारलं तर हवेचं छिद्र बुजलं आहे. नाही तर इंधनाचा फिल्टर बघा.
- *मंद चालतं, पण रेस दिली की गटकतं.* मुख्य जेट किंवा फिल्टर. ग्रास कटरच्या बाबतीत कडक झालेला डायाफ्रामही असू शकतो.
- *प्रायमरचा फुगा दाबला तर भरतच नाही.* नळीला चीर आहे किंवा फुगाच फुटला आहे. दाबल्यावर दगडासारखा लागला तर पुढची वाट बंद आहे.
- *फ्लोटच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतं.* आतली निडल कचऱ्यामुळे बसत नाही. अशा वेळी पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा त्याला पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू न करता आधी ऑइल बदला.
- *जोर कमी, पण कार्बोरेटर स्वच्छ.* टू-स्ट्रोकच्या धुराड्याची जाळी कार्बनने भरली असेल. दोष इंधनाचा वाटतो, पण वाट बाहेर पडायची बंद असते.

या सगळ्यांच्या आधी एक काम करायचंच: टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरायचं. तळाशी वेगळा थर, थेंब किंवा गढूळपणा दिसला, किंवा नेहमीच्या तिखट वासाऐवजी जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर बाकी तपासणी थांबवा. टाकी रिकामी करा, ताज्या पेट्रोलने खळबळून घ्या आणि नवं भरा. पुष्कळ मशीन एवढ्यावरच चालू होतात.

कार्बोरेटर उघडायचाच झाला तर

हात स्थिर असेल आणि घाई नसेल तरच उघडा. प्लगची टोपी काढा, टाकी रिकामी करा, उघड्यावर बसा, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे घाला. खाली पांढरं कापड अंथरा, त्यावर बारीक स्प्रिंग आणि स्क्रू हरवत नाहीत. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. डायाफ्राम आणि गॅस्केट यांचा क्रम उलटला तर सगळं स्वच्छ असूनही मशीन चालत नाही.

फ्लोटच्या कार्बोरेटरमध्ये काम बऱ्यापैकी सोपं असतं. वाटी काढा, तळाचा गाळ पुसा, जेट मापाच्या पेचकसाने सोडवा, उजेडात धरून छिद्रातून आरपार दिसतं का बघा. पितळेच्या जेटमध्ये सुई किंवा स्टीलची तार घालू नका. छिद्र किंचित मोठं झालं तरी पेट्रोल कायमचं जास्त जातं. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या आणि हवेच्या दाबाने फुंका. गळाच्या बारीक तंगुसाचा तुकडा ओवून बघायला हरकत नाही.

डायाफ्रामच्या कार्बोरेटरमध्ये पडदे आधी काढून घ्या. क्लीनर आणि हवेचा दाब दोन्ही त्यांना सोसत नाहीत. निघालेला पडदा मऊ आणि सपाट असायला हवा. कडक झाला, सुरकुतला, कागदासारखा वाजायला लागला, तर परत बसवण्यात अर्थ नाही. पडदे, गॅस्केट आणि निडल यांचा दुरुस्ती संच मिळतो, मॉडेल सांगून तोच आणा. बाहेरून दिसणारे सेटिंगचे स्क्रू मात्र "जरा फिरवून बघू" म्हणून फिरवू नका. पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा बाजूला ते गेले तर आवाज मस्त येतो, वेग वाढल्यासारखा वाटतो आणि इंजिन तापून जातं. ई-२० मध्ये मुळातच प्राणवायू जास्त असल्याने हा धोका थोडा वाढतो.

हंगामाचा शेवटचा दिवस

या लेखातलं एकच काम करायचं ठरवलंत तर हे करा. महिनाभरापेक्षा जास्त काळ मशीन बंद राहणार असेल तेव्हा अर्धा तास काढायचा.

१. टाकी पूर्ण रिकामी करा. पेट्रोल चांगलं असेल आणि निव्वळ असेल तर ते लगेच वापरात येणाऱ्या मशीनला द्या. खराब झालेलं गटारात, जमिनीत, विहिरीच्या आसपास ओतू नका, पालापाचोळा पेटवायला तर मुळीच वापरू नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे द्या.

२. टाकी थोड्या ताज्या इंधनाने खळबळून पुन्हा ओतून टाका, म्हणजे तळाचा गाळ निघतो.

३. ग्रास कटर असेल तर प्रायमरचा फुगा कोरडा पडेपर्यंत दाबा. मग इंजिन चालू करून मंद गतीवर ठेवा आणि आपोआप बंद पडू द्या. रेस देऊ नका, शेवटच्या थेंबांना वंगण कमी असतं. पुन्हा चोक लावून एक-दोनदा प्रयत्न करा. पडदे एकमेकांना चिकटू नयेत यासाठी हे आहे.

४. फ्लोटचा कार्बोरेटर असेल तर कॉक बंद करा, वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून साठलेलं पेट्रोल भांड्यात उतरवा आणि स्क्रू पुन्हा घट्ट करा.

५. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढा, छिद्रात छोटा चमचाभर ऑइल सोडा. टू-स्ट्रोकला टू-टी, फोर-स्ट्रोकला त्याचं इंजिन ऑइल. दोरी दोन-तीन वेळा सावकाश ओढा आणि प्लग बसवा. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल याच वेळी बदलून टाका. वापरलेलं ऑइल आम्लधर्मी होतं आणि आतल्या भागांवर बसून राहतं.

६. एअर फिल्टर स्वच्छ करून बसवा आणि मशीन कोरड्या जागी, जमिनीपासून वर टांगा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनी चादर पुरते.

पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर मिळतं आणि ते उपयोगी आहे, पण ताज्या पेट्रोलमध्ये घातलं तरच. शिळं झालेलं पेट्रोल ते ताजं करत नाही. घातल्यावर इंजिन दहा मिनिटं चालवावं लागतं, नाही तर ते टाकीतच राहतं आणि कार्बोरेटर तसाच उघडा पडतो. वर्षातून दोन हंगाम चालणाऱ्या मशीनला हा मार्ग ठीक. सलग सहा महिने बंद राहणाऱ्याला रिकामं ठेवणंच बरं.

जूनमध्ये

पहिला पाऊस पडायची वाट न बघता मे अखेरीस मशीन खाली काढा. नळ्या, फुगा आणि झाकण बघा, नवा प्लग लावा, ताजं पेट्रोल किंवा ताजं मिश्रण भरा. प्रायमर भरेपर्यंत दाबा, चोक लावा, दोरी ओढा. आधी घातलेल्या ऑइलमुळे पहिली काही मिनिटं धूर येईल, घाबरू नका. या वेळी काही अडलं तर दुरुस्तीला वेळ हाताशी असतो आणि मेकॅनिकही मोकळा असतो.

त्याच्याकडे जायची वेळ आली तर फक्त "चालू होत नाही" म्हणून मशीन टाकून येऊ नका. पेट्रोल कधीचं आहे, मिश्रणाचं प्रमाण काय, चोक लावल्यावर चालतं का, प्लग ओला होता की कोरडा, एवढं सांगा. चांगल्या मेकॅनिकला या चार उत्तरांत बिघाड सापडतो. आणि कार्बोरेटर साफ करूनही दोन महिन्यांत तोच त्रास परत आला, तर दोष कार्बोरेटरमध्ये शोधायचं थांबवा. कॅन, फिल्टर आणि टाकी तपासा, कारण कचरा तिथूनच पुन्हा येतो आहे.